घरखरेदी-विक्रीतील वाटाघाटी

राहत्या घराच्या व्यवहारात विक्रेता व खरेदीदार यांच्यात किंमत, रक्कम चुकती करण्याची मुदत, ताबा आणि कागदपत्रे यांविषयी होणारी बोलणी. व्यवहारात तिला घासाघीस म्हणतात, आणि या शब्दामुळे तो चिकाटीचा व वाक्चातुर्याचा भाग आहे असा समज पसरतो. वस्तुतः ज्याच्या हाती पडताळता येणारा पुरावा असतो त्याचीच बोली टिकते. महाराष्ट्रातील जुन्या सदनिकांच्या बाजारात ही गोष्ट पावलोपावली दिसते.

पहिला उच्चारलेला आकडा पुढच्या सगळ्या बोलण्याला आपल्याकडे ओढतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट व मार्गारेट नील यांनी अमेरिकेतील टूसॉन शहरात केलेल्या व १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकच घर वेगवेगळ्या मागणी-किमती सांगून दाखवले. आकडा जसा बदलला तसे विद्यार्थ्यांचेच नव्हे, मुरलेल्या दलालांचे मूल्यांकनही बदलले. ही ओढ निग्रहाने सुटत नाही. तिच्यासमोर दुसरा, आधार असलेला आकडा ठेवावा लागतो. तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या सूची क्रमांक २ मध्ये मिळतो. त्याच इमारतीतील आधीच्या विक्रीचा मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ व दस्ताची तारीख तेथे नमूद असते. क्षेत्रफळाची खातरजमाही तितकीच निर्णायक आहे. समजा, ९०० चौरस फूट ‘सुपर बिल्ट-अप’ घराचा भाव फुटाला १०,००० रुपये सांगितला, म्हणजे किंमत ९० लाख. चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) ६३० चौरस फूट भरले, तर खरा दर १४,२८५ रुपयांवर जातो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने, म्हणजे रेरा कायद्याने (२०१६), नव्या प्रकल्पांसाठी चटईक्षेत्राची व्याख्या निश्चित केली. जुन्या घराच्या बोलणीत मात्र ते खरेदीदाराने स्वतः मोजून घ्यावे.

विक्रेत्यासाठीही हेच खरे. रंगरंगोटीने घर पाहायला माणसे येतात. भाव पडतो तो शंकेमुळे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले की, चांगला माल ओळखता आला नाही की ग्राहक सगळ्याच मालाला कमी भाव देतो. म्हणून मूळ करारांची साखळी, भाग प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आधीच एका फाइलीत लावून ठेवणे ही सर्वांत परिणामकारक जाहिरात ठरते.

सूची क्रमांक २ वर विसंबण्याविषयी पहिला आक्षेप असा की, दस्तातील मोबदला अनेकदा खऱ्या किमतीपेक्षा कमी दाखवलेला असतो. हे खरे आहे. म्हणून एका नोंदीवर विसंबू नये. अनेक नोंदी एकत्र ठेवल्या व शेजारचा बाजारभावाचा रकाना पाहिला की निदान किमतीची खालची पातळी कळते, आणि काहीच आधार नसण्यापेक्षा तेवढाही मोलाचा आहे. दुसरा आक्षेप : दोष आपणहून सांगणाऱ्याचे नुकसान होते. पण गळतीची दुरुस्ती किती खर्चाची हे सांगितले, तर तेवढीच रक्कम वजा होते. लपवलेली गळती नंतर उघड झाली की भीतीपोटी कितीतरी जास्त कापली जाते, किंवा व्यवहारच मोडतो. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) कलम ५५ नुसार स्वतःला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : ज्याला घाई आहे तो कागद चोख असूनही हरतो. पुरावा नड दूर करत नाही, हे मान्य करावे लागते. मात्र नड बहुधा तारखेची असते, आणि ताबा लवकर देणे, उशिरा घेणे किंवा रक्कम एकदम चुकती करणे यांच्या बदल्यात किंमत राखता येते.

म्हणून वाटाघाटीचा शेवट तोंडी होकाराने होऊ नये. विकासकाने नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असे बंधन रेरा घालतो. दोन कुटुंबांमधल्या पुनर्विक्रीला ते कवच नाही. तेथे इसार पावतीच आधार असते. कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास इसार परत मिळेल, हे वाक्य तिच्यावर पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावे.