तंजावरची नाटके आणि आपले समीक्षक

मराठी नाटक १८४३ साली सांगलीस, भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने जन्मले, असे आपण शिकलो. तंजावरच्या शहाजीराजांच्या (१६८४–१७१२) दरबारातील मराठी नाटके त्याहून शतकभर जुनी. राजवाड्यांनी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ उजेडात आणल्यावर वाद रंगला तो मुख्यतः आद्यत्वाचा. त्या नाटकांतून महाराष्ट्राची रंगभूमी निपजली नाही, हा आक्षेप खराच. पण आक्षेपकांपुढे होती ती पोथी, प्रयोग नव्हे. पदांनीच चालणारे नाटक डोळ्यांनी वाचून कसे जोखावे? कावेरीकाठी ज्यांची बदली झाली असेल, त्यांनी नृसिंहजयंतीस मेलट्टूर गाठावे. तेथील भागवतमेळ्याची नाटके तेलुगू खरी, पण याच कुळीची. देवळासमोर पुरुषच स्त्रीवेष घेऊन ती आजही गाऊन-नाचून करतात, आणि गाव रात्री जागून पाहते.