मासिकापासून मोबाइलपर्यंत

इ. स. १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. छत्तीसगढातील हे पहिले नियतकालिक मानले जाते. त्याची भाषा हिंदी होती. परंतु ते चालविणारे तिघेही मराठी भाषक होते. माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर हे संपादक, तर रायपूरचे वामनराव लाखे हे प्रकाशक. रायपूरच्या लाखेनगरात त्यांचे नाव आजही नांदते आहे.

त्या काळी मजकुराचा प्रवास संथ आणि खर्चिक होता. एकेक खिळा जुळवून पान तयार होई, टपालाने अंक वर्गणीदाराकडे जाई आणि तेथून एकच प्रत अनेक घरी फिरे. ज्याला वाचता येत नसे, त्याला कोणी तरी वाचून दाखवी. हा खर्च झेपला नाही. तोटा सोसून १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले. तथापि, १९०१ मध्ये त्यात आलेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये आजही गणली जाते. मासिक अल्पायुषी ठरले, पण कथा लेखकाच्या नावासह टिकली.

भाषेची सीमा ओलांडण्यासाठीही तेव्हा माणूसच लागे. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकांपर्यंत पोहोचले, ते सप्रे यांनी केलेल्या अनुवादांमुळे. संपादक, अनुवादक, ग्रंथपाल, पोस्टमन अशा अनेकांच्या हातांतून मजकूर पुढे सरके. काय पुढे जाईल हे त्यांतील काहीजण ठरवीत, आणि त्याची जबाबदारीही घेत. अर्थात, जे त्यांना रुचले नाही ते वाचकापर्यंत पोहोचतही नसे, ही त्या व्यवस्थेची उणीव होती.

पुढे ध्वनिलहरींनी हे अंतर कमी केले. १९६३ मध्ये रायपूरला आकाशवाणी केंद्र आले. १ ऑगस्ट १९७५ रोजी सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. त्यांत रायपूर परिसरातील खेडीही होती. कोलकात्यात दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते त्यानंतर आठवड्याभराने! सार्वजनिक ठिकाणी ठेवलेल्या एकाच संचासमोर सारे गाव जमे. वर्षभराने प्रयोगाची मुदत संपली. उपग्रह अमेरिकेचा होता. तो परत नेण्यात आला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि पुढे मोबाइलने ते प्रत्येकाच्या हाती दिले. २०१६ मधील ‘सैराट’ चित्रपटातील ‘झिंगाट’ मराठी न जाणणाऱ्यांच्या लग्नांतही वाजू लागले. त्याची हिंदी आवृत्ती २०१८ मध्ये, ‘धडक’ चित्रपटात आली. एकेकाळी अनुवाद आधी येई आणि प्रसिद्धी मागून. येथे क्रम उलटला. महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना याचा मोठा लाभ झाला. ज्या नाटकाची वा गाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, ते आता क्षणात समोर येते.

परंतु या वेगात नाव मात्र गळून पडू लागले. पु. ल. देशपांडे यांनी कधीही न लिहिलेले मजकूर त्यांच्या नावाने फिरतात, आणि खऱ्या लेखकाचे नाव पुसले जाते. पूर्वी संपादक जे काम करी, ते आता मजकूर पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकावर येऊन पडले आहे.

रायपूरसारख्या शहरात, जेथे मराठी घराबाहेर क्वचितच कानी पडते, तेथे मराठी शाळेचे महत्त्व यामुळे वाढते. धडा शिकविताना लेखकाचे नाव आणि पुस्तकाचे नाव सांगणारा शिक्षक विद्यार्थ्याला हीच सवय लावत असतो. हे कोणी लिहिले आणि प्रथम कोठे छापले गेले, असे विचारणारा विद्यार्थी सप्रे आणि लाखे यांचेच काम पुढे चालवीत असतो.