चालत्या भुताची वंशावळ

वेताळाला बुबुळं नाहीत. मुखवट्याच्या दोन फटींमधून दिसते ती नुसती कोरी, पांढरी जागा. बॅटमॅनचंही तसंच, आणि त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी मुखवटाधारी वीरांचंही. ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा काढली असेल, असं मनातही येत नाही. पण तिला जन्मतारीख आहे : १७ फेब्रुवारी १९३६. त्या दिवशी अमेरिकी वर्तमानपत्रांत ‘द फँटम’, म्हणजेच आपल्या वेताळाची चित्रपट्टी सुरू झाली. अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख आणि बुबुळांविना मुखवटा असा जोडवेष घेऊन अवतरलेला हा पहिला वीर, असं कॉमिक्सच्या इतिहासात साधारणपणे मानलं जातं. सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती.

त्याचा निर्माता ली फॉक. मूळ नाव लिऑन हॅरिसन ग्रॉस. जन्म १९११चा, मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसचा. ‘फॉक’ हे नाव सावत्र वडिलांच्या नावातून घेतलेलं. विशीतच त्याने जादूगार मँड्रेक रचला, सुरुवातीचे नमुने स्वतः काढले, न्यूयॉर्कला जाऊन ‘किंग फीचर्स’ या सिंडिकेटला ते विकले आणि मग चित्रं काढायला फिल डेव्हिस हा अनुभवी चित्रकार सोबत घेतला. १९३४मध्ये मँड्रेक छापून येऊ लागला. सिंडिकेटने दुसरी चित्रपट्टी मागितली, तेव्हा फॉकच्या डोक्यात लहानपणापासून वाचलेलं सारं एकत्र झालं : राजा आर्थरच्या कथा, ग्रीक पुराणं, किपलिंगचा मोगली, एडगर राइस बरोजचा टारझन. पूर्वेकडचं जंगल त्याने तोवर पाहिलेलं नव्हतं. त्याचं जंगल ग्रंथालयात उगवलेलं होतं, आणि त्याचे गुण-दोष दोन्ही तिथूनच आले.

फॉकचा पहिला बेत अगदी वेगळा होता. वेताळ म्हणजे दिवसा ऐषआरामी श्रीमंत तरुण आणि रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांचा कर्दनकाळ, असं त्याने ठरवलं होतं. त्या तरुणाचं नाव जिमी वेल्स. हा साचा जुनाच होता. १९०५च्या ‘स्कार्लेट पिंपर्नेल’मध्ये तो आहे, १९१९च्या झोरोमध्येही आहे. पहिली गोष्ट छापून येत असतानाच फॉकचं मन बदललं. जिमी वेल्स कथेत आहे, वाचकाला त्याचा संशय यावा अशी सगळी मांडणी आहे, आणि मग फॉक त्याला बाजूला ठेवून नायकाला शहरातून उचलतो आणि थेट जंगलात, कवटीच्या आकाराच्या गुहेत नेऊन बसवतो.

माझ्या मते फॉकच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच. झोरोचा मुखवटा खरा चेहरा लपवण्यासाठी आहे. तो काढला की खाली डॉन दिएगो असतो, त्याची हवेली असते, त्याचे वडील असतात. जिमीला वगळल्यावर वेताळाच्या मुखवट्याखाली लपवण्याजोगं कोणी उरलंच नाही. मुखवटा हाच चेहरा झाला. शहरात जाताना तो वरून लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा चढवतो, तेव्हाही वाचकाला त्याचा उघडा चेहरा दिसत नाही. बुबुळं न काढण्याचा निर्णय याच्याशी नेमका जुळतो. फॉक सांगत असे, की ही कल्पना त्याला ग्रीक अर्धपुतळ्यांवरून सुचली. त्या संगमरवरी डोळ्यांत बुबुळं नसतात आणि त्यामुळे ते चेहरे माणसांपलीकडचे, धाक वाटायला लावणारे दिसतात. ते पुतळे एके काळी रंगवलेले होते आणि काळाच्या ओघात त्यांचे रंग उडून गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रंग उडाल्यामुळे आलेलं गूढपण दोन हजार वर्षांनी एका वर्तमानपत्री चित्रपट्टीत उतरलं, आणि तिथून साऱ्या जगात पसरलं.

घट्ट विजारीची कल्पना रॉबिन हूडच्या चित्रांवरून आली. रंगाची हकिगत वेगळीच आहे. फॉकच्या मनात पोशाख करड्या रंगाचा होता. ‘ग्रे घोस्ट’ असं नाव ठेवण्याचाही त्याचा विचार होता. रोजची पट्टी काळी-पांढरी, त्यामुळे तीन वर्षं प्रश्नच आला नाही. मे १९३९मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छापखान्यात पोशाख जांभळा झाला. तो तसाच राहिला. स्कँडिनेव्हियात तो निळा छापला गेला. इटली, तुर्कस्तान आणि ब्राझीलमध्ये लाल. प्रत्येक देशातला वाचक आपल्याकडचाच रंग खरा मानून वाढला.

नायक जंगलात गेल्यावर फॉकने त्याला कुळ दिलं. १५३६ साली चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला, कप्तान मारला गेला आणि त्याचा मुलगा वाहून किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली : मी, माझा मुलगा आणि त्याचा मुलगा चाचेगिरीविरुद्ध, क्रौर्याविरुद्ध लढत राहू. बाप पडला की मुलगा तोच पोशाख घालतो. बाहेरच्या जगाला ही अदलाबदल कळत नाही, म्हणून लोक समजतात की हा चारशे वर्षं जगणारा अमर माणूस आहे. आपण वाचतो तो एकविसावा.

वेताळाकडे अलौकिक शक्ती नाही. तो उडत नाही, गोळी लागली की रक्त येतं. त्याचं सामर्थ्य लोकांच्या बोलण्यात आहे. प्रत्येक वेताळ आधीच्या वीस जणांची कीर्ती अंगावर घालून लढायला उतरतो आणि स्वतःचं नाव मागे न ठेवता मरतो. वीरपद हे एका माणसाचं नसून पिढ्यांनी सांभाळायचं काम आहे, हा विचार सुपरहिरोंच्या कथांमध्ये त्याआधी नव्हता. त्यानंतरही तो इतका स्वच्छपणे क्वचितच दिसतो.

चित्रकारांच्या बाबतीतही तेच घडत गेलं. आरंभी रे मूर. त्याच्या रेषेत सावल्या दाट, वेताळ अंधारातून बाहेर येतो आणि अंधारात जातो. मूर युद्धावर गेला तेव्हा विल्सन मॅकॉयने काम हाती घेतलं. त्याची रेषा साधी, थोडी ताठर, बालवाचकाला चटकन समजणारी. १९६१मध्ये मॅकॉय गेला, आणि लवकरच साय बॅरी आला. तीस वर्षांहून अधिक काळ, १९९४पर्यंत, त्याने वेताळाला पीळदार देह दिला आणि जंगलाला खोली दिली. भारतातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जो वेताळ उभा राहतो, तो साय बॅरीचा. मला मात्र मूरचा वेताळ जास्त प्रिय आहे. त्याची भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

पुढची वंशावळ पाहू. १९३८मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन आला. त्यांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकले होते. १९३९मध्ये बॅटमॅन आला, आणि इथे वेताळाचं ऋण उघड आहे. बॉब केनने काढलेल्या आराखड्यात साधा छोटा मुखवटा होता. बिल फिंगरने डोकं झाकणारी टोपी सुचवली, पंखांऐवजी झूल सुचवली आणि डोळे कोरे ठेवायला सांगितलं. फॉकच्या वेताळाचा आपल्यावर प्रभाव होता, हे फिंगरने स्वतःच सांगितलं आहे. त्याच फिंगरचं नाव बॅटमॅनवर निर्माता म्हणून हयातभर लागलं नाही. तो १९७४मध्ये गेला आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत बॉब केनच्या शेजारी त्याला जागा मिळाली ती २०१५पासून. एका निनावी कुळाकडून उसना घेतलेला मुखवटा बॅटमॅनला चढवणारा माणूसही निनावीच राहावा, याची मला आजही चीड येते. फॉकच्या वाट्याला निदान हे आलं नाही. मालकी सिंडिकेटची राहिली, पण त्याचं नाव पट्टीवर कायम छापलं गेलं. शिवाय त्याचा जीव रंगभूमीत होता. त्याने नाटकं लिहिली, नाटकगृहं चालवली, मार्लन ब्रँडोला घेऊन शॉचं नाटक उभं केलं. मुखवट्याची ताकद त्याला कळली, त्यामागे हेही असणार.

भारतात वेताळ आधी ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या पानांवरून आला. मार्च १९६४मध्ये टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलं. पहिला अंक वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट सांगणारा, आणि पहिले बत्तीस अंक वेताळाचेच. बी. गोविंद यांनी रंगवलेली सुरुवातीची मुखपृष्ठं आजही संग्राहक जिवापाड जपतात. या मालिकेच्या उभारणीत सहभागी असलेले अनंत पै पुढे बाहेर पडले आणि १९६७मध्ये त्यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. म्हणजे आपल्याकडच्या पौराणिक चित्रकथांच्या मुळाशीही काही अंशी हा जंगलातला मुखवटा आहे.

इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत अंक निघू लागले, तेव्हा काही नावं बदलणं भागच होतं. फॉकने वेताळाचा देश आधी आशियात कुठेतरी कल्पिला होता आणि त्याचं बंगाला हे नाव बंगालची आठवण करून देणारं होतं. इंद्रजालमध्ये तो ‘डेंकाली’ झाला. चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग’ होतं, ते ‘सिंगा’ केलं. विसाव्या वेताळाचा मारेकरी ‘रामा’, त्याचा ‘रामालू’ झाला. अंकाच्या ठरावीक पानांत बसवण्यासाठी चौकटीही कापल्या जात.

बंगालीत नायकाचं नाव ‘अरण्यदेव’ पडलं, मराठीत ‘वेताळ’. फॉकच्या कथेत त्याला ‘चालतं भूत’ म्हणतात. कोकण-गोव्यातला वेताळ हा गावाचा राखणदार देव, तोही रात्री शिवेवरून फिरतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाच्या पायांशी भक्त भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण गस्त घालून देवाच्या वहाणा झिजतात. इंद्रजालच्या वेताळात कोकणातल्या मुलाला परकं वाटावं असं फारसं काही नव्हतं.

परकं होतं ते दुसरंच, आणि ते नीट बोलायला हवं. एक गोरा माणूस, त्याच्याभोवती बांदर जमातीचे बुटके लोक, आणि जंगलाचा न्याय त्याच्या हाती : ही मांडणी वसाहतींच्या काळातली आहे. ‘बांदर’ हे नावही किपलिंगच्या जंगलातून आलेलं आणि माणसांच्या जमातीला लावलेलं. फॉकला हे उमगलं नव्हतं असं नाही. देश हळूहळू आफ्रिकेत सरकला, तिथे लमांडा लुआगा हा डॉक्टर लोकशाही मार्गाने राष्ट्राध्यक्ष झाला, जंगल गस्ती दलाची सूत्रं कर्नल वोरुबू या आफ्रिकी अधिकाऱ्याकडे आली. वेताळाची प्रेयसी डायना पामर तर पहिल्या गोष्टीपासूनच स्वतःच्या बळावर उभी असलेली बाई. पुढे ती संयुक्त राष्ट्रांत काम करू लागली, १९७७मध्ये दोघांचं लग्न झालं आणि नंतर जुळी मुलं झाली. हे बदल मूळ चौकट पुसत नाहीत, पण लेखक आपल्याच निर्मितीशी पन्नास वर्षं झगडत होता, हे त्यातून दिसतं.

पपुआ न्यू गिनीच्या डोंगराळ वाघी खोऱ्यात मात्र लोकांनी वेताळाला सरळ आपला करून टाकलं. १९८०च्या दशकात टोळीयुद्धं पुन्हा पेटली, तेव्हा तिथल्या योद्ध्यांनी आपल्या ढालींवर त्याचं चित्र रंगवलं. जो मरत नाही तो ढालीवर असावा, एवढा हिशेब त्यामागे होता. फॉकचा विचार याहून अचूक क्वचितच कोणी ओळखला असेल.

पडद्याला तो तितकासा जमला नाही. १९४३मध्ये कोलंबियाने पंधरा भागांची मालिका काढली. टॉम टायलरचा बांधा अगदी चित्रातल्यासारखा, पण नायकाचं नाव जेफ्री प्रेस्कॉट ठेवलं होतं. पुढे दुसऱ्या मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं आणि मग लक्षात आलं की हक्कांची मुदत संपली आहे. तेव्हा बरंच पुन्हा चित्रित करून तीच मालिका १९५५मध्ये ‘कॅप्टन आफ्रिका’ या नावाने दाखवली गेली. १९९६चा पॅरामाउंटचा चित्रपट सायमन विन्सरने दिग्दर्शित केला. बिली झेनला हे कॉमिक ऑस्ट्रेलियात ‘डेड काम’च्या चित्रीकरणाच्या वेळी गवसलं होतं आणि त्याने ही भूमिका मनापासून केली. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम पावणेदोन कोटी मिळवले. मला तो आवडतो. त्यातला उमदेपणा खरा आहे. पण झेनचे डोळे दिसतात. नटाला डोळे लागतात, आणि डोळे दिसले की आत एक माणूस दिसतो, त्याचं वय दिसतं. चारशे वर्षांची वदंता तिथेच विरते. टिम बर्टनपासून बॅटमॅनच्या जवळजवळ सगळ्या दिग्दर्शकांपुढे हाच पेच आला आणि बहुतेकांनी डोळेच निवडले. २०१६च्या ‘डेडपूल’ने संगणकाच्या साहाय्याने कोऱ्या पांढऱ्या डोळ्यांनाच हावभाव दिले, तेव्हा कुठे पडद्यावर त्याला उत्तर सापडलं.

इंद्रजाल १९९०मध्ये बंद पडलं. फॉक १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. शेवटपर्यंत तो वेताळ आणि मँड्रेक दोन्ही लिहीत होता. त्याच्यामागून पट्टी टोनी डीपॉलने हाती घेतली. स्वीडनमध्ये १९५०पासून आणि ऑस्ट्रेलियात १९४८पासून वेताळाची नियतकालिकं चालत आली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ‘फ्रू’ प्रकाशनाच्या अंकांत त्याच्या काही नव्या गोष्टी आता तिथलेच लेखक-चित्रकार रचतात.