अल्ट्राक्रेपिडेरियन

अल्ट्राक्रेपिडेरियन हा इंग्रजी भाषेतील एक क्वचित वापरला जाणारा शब्द आहे. आपल्या ज्ञानाच्या कक्षेबाहेरील विषयावर अधिकारवाणीने मत देणारी व्यक्ती किंवा तशी वृत्ती, असा त्याचा अर्थ होतो. हा शब्द नाम आणि विशेषण अशा दोन्ही प्रकारे योजला जातो.

व्युत्पत्ती

लॅटिनमधील 'अल्ट्रा' (पलीकडे) आणि 'क्रेपिडा' (चपलेसारखे पादत्राण) या दोन शब्दांपासून तो बनला आहे. 'क्रेपिडा' हा शब्द मूळ ग्रीक 'क्रेपिस'वरून लॅटिनमध्ये आला. शब्दशः अर्थ 'पादत्राणापलीकडे जाणारा' असा होतो.

मूळ कथा

या शब्दामागील कथा रोमन लेखक थोरला प्लिनी याने इ.स. ७७ च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'नॅचरॅलिस हिस्टोरिया' या ग्रंथाच्या ३५ व्या खंडात दिली आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातील ग्रीक चित्रकार अपेलीस आपली चित्रे लोकांसमोर मांडून स्वतः आडोशाला बसत असे व येणाऱ्याजाणाऱ्यांचे अभिप्राय ऐकत असे. एका मोच्याने चित्रातील पादत्राणाला एक बंद कमी असल्याचे दाखवून दिले. अपेलीसने ती चूक सुधारली. दुसऱ्या दिवशी त्या यशाने फुशारलेला मोची चित्रातील पायालाही नावे ठेवू लागला. तेव्हा मोच्याने पादत्राणाच्या वर जाऊन निवाडा करू नये, असे अपेलीसने त्याला सुनावले. प्लिनीच्या मूळ वाक्यात 'सुप्रा' (वर) हा शब्द आहे. पुढे म्हणीत त्याऐवजी 'अल्ट्रा' रूढ झाला.

इंग्रजीतील प्रवेश

हा शब्द छापील स्वरूपात प्रसिद्ध झाला तो निबंधकार विल्यम हॅझलिट (१७७८–१८३०) यांच्यामुळे. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकाने हॅझलिट यांच्या पुस्तकांवर कठोर टीका केली होती. तिला उत्तर म्हणून त्यांनी १८१९ मध्ये संपादक विल्यम गिफर्ड (१७५६–१८२६) यांना उद्देशून एक प्रदीर्घ पत्र पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले आणि त्यात हे विशेषण वापरले. हे नाव गिफर्ड यांना आधीच कोणीतरी दिले असल्याचे त्यांच्या वाक्यरचनेवरून सूचित होते. १८२३ मध्ये ली हंट यांनी गिफर्ड यांच्यावरील उपरोधिक काव्याला 'अल्ट्रा-क्रेपिडेरियस' हेच शीर्षक दिले.

या शब्दयोजनेत दुहेरी टोमणा होता. पोरक्या झालेल्या गिफर्ड यांना लहानपणी डेव्हन परगण्यातील अ‍ॅशबर्टन येथे एका मोच्याकडे उमेदवारी करावी लागली होती. कागद विकत घेण्याची ऐपत नसल्याने ते चामड्याच्या तुकड्यांवर आरीने गणिते कोरीत. पुढे विल्यम कुकस्ली या शल्यवैद्याच्या साहाय्याने त्यांना ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेता आले. ही हकीकत त्यांनी स्वतःच १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुव्हेनलच्या अनुवादाला जोडली आहे. त्यामुळे अनधिकाराची टीका म्हणून योजलेला हा शब्द गिफर्ड यांच्या हलाखीच्या पूर्वायुष्यालाही डिवचणारा होता.

अर्थछटा

आज या शब्दातील व्यवसायाचा संदर्भ लोपला असून केवळ अनधिकार मतप्रदर्शनाचा अर्थ उरला आहे. मात्र मूळ कथेत मोच्याचे पहिले मत योग्य ठरले होते आणि थोर चित्रकाराने ते मान्यही केले होते. जाणकाराचा शब्द त्याच्या क्षेत्रात प्रमाण मानावा, ही कथेची दुसरी बाजू या शब्दात उतरलेली नाही.

मराठी पर्याय

मराठीत याला नेमका प्रतिशब्द नाही. 'दीडशहाणा' आणि 'उंटावरचा शहाणा' हे शब्दप्रयोग अर्थाने जवळचे आहेत. 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' या वाक्प्रचारात अल्प प्राप्तीने येणारा गर्व आहे, पण क्षेत्र ओलांडण्याची कल्पना नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधातील 'पढतमूर्ख' हा याहून वेगळा आहे: त्याच्यापाशी विद्या असते, परंतु आचरण तिला साजेसे नसते. अल्ट्राक्रेपिडेरियन व्यक्तीपाशी त्या विषयाची विद्याच नसते.