बदली वारस

मृत्युपत्र न करता मरणं प्रतिष्ठित रोमन माणसाला नामुष्कीचं वाटे. त्याहून मोठी धास्ती होती ती केलेलं मृत्युपत्र फुकट जाण्याची. तिथे सगळा डोलारा वारसाच्या नावावर उभा असे. वारस आधीच वारला किंवा त्याने हात वर केले, की त्या मृत्युपत्रातल्या देणग्या, पालकांच्या नेमणुका, गुलामांची सुटका, सगळंच कोसळे. हात वर करायला कारणही सबळ होतं. मिळकतीबरोबर कर्जही वारसाच्या गळ्यात पडे आणि मिळकत अपुरी पडली तर पदरचं भरावं लागे.

म्हणून बदली वारस नेमायचा. अमक्याने 100 दिवसांत वारसा पत्करला नाही तर तमका, त्यानेही नाही पत्करला तर आणखी कोणी, अशी रांगच लावून ठेवायची. कर्जात बुडालेला माणूस रांगेच्या टोकाला स्वतःचा गुलाम उभा करी, कारण त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. त्याच मृत्युपत्राने तो एका दमात स्वतंत्रही होई आणि वारसही. मग सावकार लिलाव पुकारत तो मयताच्या नावे नव्हे, त्याच्या नावे. दिवाळखोरीचा बट्टा त्याच्या कपाळी. साबिनस या कायदेपंडिताला हे खटकलं होतं. पण दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस सांगतो की त्याचं मत चाललं नाही.

खरी गुंतागुंत अज्ञान मुलांच्या बाबतीत होती. मुलगा वारस झाला, पण वयात येण्याआधीच गेला, तर त्याच्याही जागी कोण यावं हे बाप ठरवून ठेवू शके. यात धोका उघड आहे: ते पोर मरण्यातच ज्याचा फायदा, त्याचं नाव जाहीर करायचं कसं? कुंपणानेच शेत खाल्लं तर? त्यावरचा तोडगा गायसने नोंदवला आहे. मृत्युपत्र लाकडी पाट्यांवर लिहीत. बदली वारसाचं नाव खालच्या पाट्यांवर वेगळं लिहायचं, त्यांना स्वतंत्र दोरा बांधून मेणाने मोहोर करायची आणि मुलगा अज्ञान असेतो ती उघडायची नाही, असं वरच्या भागात बजावायचं.

इसवी सनापूर्वी 93 च्या सुमारास अशाच एका मृत्युपत्रावरून रोममध्ये खटला गाजला. कोपोनियस नावाच्या गृहस्थाने आपल्यामागे जन्मणाऱ्या मुलाला वारस नेमलं होतं आणि तो जाणता होण्याआधी वारला तर मानियस क्युरियसला. मूल जन्मलंच नाही! जो जन्मलाच नाही तो मरेल कसा, आणि तो मेला नाही तर क्युरियसचा नंबर लागेल कसा, असा पेच टाकून एक भाऊबंद पुढे आला. त्याच्या बाजूने म्युशियस स्केव्होला, क्युरियसच्या बाजूने क्रॅसस. दोघं दोनच वर्षांपूर्वी जोडीने कॉन्सल होते.

स्केव्होला अक्षराला धरून बसला. लिहिलेलं सोडून मनातलं शोधू लागलात, तर साध्या माणसांचं लेखी काही टिकणार नाही, हा त्याचा मुद्दा काही पोकळ नव्हता. क्रॅससने उलट थट्टेने सुरुवात केली. एका लहरी पोराला म्हणे किनाऱ्यावर वल्हं अडकवायची एक खुंटी सापडली आणि तेवढ्यावरून त्याने जहाज बांधायला घेतलं. स्केव्होलाचा दावा त्यातलाच. न्यायमंडळ हसलं. मग त्याने मुद्दा ठोकला: मुलगा जन्मला नाही काय किंवा जन्मून गेला काय, आपल्यामागे क्युरियसच यावा हीच कोपोनियसची इच्छा होती. क्युरियस जिंकला. सिसेरोने हा खटला आपल्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा आणला आहे, अर्थात कायद्यापेक्षा वक्तृत्वाच्या कौतुकापोटी जास्त. कायदेशीर निकाल पक्का झाला तो सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात: अज्ञान मुलाचा बदली वारस, मुलगा वारस झालाच नाही तरीही बदली वारसच.

तिथून ही तरतूद युरोपच्या कायद्यांत मुरली. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 मध्ये गोव्यात लागू झाली, तिच्याबरोबर बदली वारसाची कलमंही आली; अज्ञान मुलाच्या जागी वारस नेमण्याची मुभासुद्धा त्यांत होती. 1961 नंतर राज्य बदललं, तरी संहिता राहिली. वारसाहक्कासाठी गोवा विधानसभेने स्वतःचा कायदा केला तो 2012 मध्ये.