मालमोटारीचा आस आणि त्यांतील तेल

ठाण्याहून कशेळीमार्गें भिवंडीकडे आणि पुढें शहापूर, कसारा करीत थळ घाटानें नाशिककडे जाणारा आग्रा रस्ता ही उत्तर कोंकणच्या व्यापाराची जुनी वाट होय. १८५३ सालच्या १६ एप्रिलला मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोंचली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणापर्यंत गेली; तरीहि स्टेशनापासून खेड्यापर्यंतचा माल बैलगाडीनेंच जात राहिला. या गाडीखालीं वंगणाचें एक नळकांडें लोंबत असे. आस कुरकुरूं लागला कीं गाडीवान उतरे, चाकाच्या तुंब्यांत वंगण घाली आणि पुन्हां बैलांना हांक देई. ज्याची गाडी त्यानेंच तिचें वंगण पाहावें, हा रिवाज तेव्हांपासूनचा आहे. मालमोटार आली तेव्हां रिवाज टिकला. मात्र वंगणाची जागा लोखंडी पेटीच्या आंत गेली व डोळ्यांआड झाली.

एका अडचणीतून बैलगाडी आपोआपच सुटली होती. तिचीं दोन्ही चाकें स्थिर आसावर आपआपल्या परीनें फिरतात आणि ओढण्याचें काम बैल करतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें, आंतल्याला कमी. पण दोघांत तंटा होत नाहीं. एंजिन आसालाच फिरवूं लागलें तेव्हां हा तंटा उभा राहिला. दोन्ही चाकें एकाच दांड्याला घट्ट जखडलीं, तर वळणावर एकाला फरफटत जावें लागतें, टायर झिजतात आणि दांड्याला पीळ बसतो.

या प्रश्नाचें उत्तर एका घड्याळजीनें काढलें, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यानें वाफेच्या गाडीसाठीं १८२७ सालीं हें साधन योजलें. पेट्रोलची मोटार जन्मास यावयाला तेव्हां अर्ध्या शतकाहून अधिक अवकाश होता. आसाचे दोन तुकडे करावयाचे आणि मध्यें लहान दंतचक्रें अशीं बसवावयाचीं, कीं एका बाजूची गति जितकी घटेल तितकी दुसऱ्या बाजूची वाढावी. तराजूचें एक पारडें खालीं गेलें कीं दुसरें तितकेंच वर येतें, तसाच हा हिशेब. यालाच डिफरन्शिअल म्हणतात. घड्याळांतल्या नाजूक चाकांची ही कल्पना पुढें टनावारी ओझ्याखालीं राबूं लागली.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणाजवळ लष्कराची विस्तीर्ण छावणी पडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं तिच्या बराकींत संसार मांडले आणि १९४९ च्या ऑगस्टांत त्या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. त्याच युद्धानें मालमोटारीचेंहि रूप पालटलें. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या अडीच टनी लष्करी गाड्या पांच लाखांहून अधिक तयार झाल्या. विलीज आणि फोर्ड यांनीं केलेल्या जीपगाड्या सहा लाखांच्या वर गेल्या. अडीच टनी गाडीच्या तिन्ही आसांना एंजिनाचें बळ मिळे. गिअरबॉक्समधून आलेलें हें बळ पुढच्या आणि मागच्या आसांत वांटून देणारी जी निराळी पेटी, ती ट्रान्स्फर केस. चिखल लागला कीं दांडा ओढून पुढचा आस जोडावयाचा, पक्की सडक आली कीं सोडावयाचा. युद्ध संपल्यावर जादा ठरलेली अशीं वाहनें विक्रीस निघालीं व ‘डिस्पोझलची गाडी’ हा शब्द बाजारांत रूढ झाला. पुढें महिंद्र यांनीं मुंबईत जीप जोडावयास घेतली आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरनें कुर्ल्यास मालमोटारी सुरू केल्या. पण तो इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. येथें महत्त्वाचें एवढेंच, कीं ज्याच्या दारीं तीन आसांची डिस्पोझलची गाडी आली, त्याला गिअरबॉक्स सोडून तेलाच्या आणखी चार जागा सांभाळाव्या लागल्या: तीन डिफरन्शिअल आणि एक ट्रान्स्फर केस.

त्यांत तेलाचा प्रकारहि बदलला होता. १९२६ च्या सुमारास अमेरिकेच्या पॅकार्ड मोटारींत हायपॉइड दंतचक्रें आलीं. यांत पिनियन हें क्राऊनच्या मध्यरेषेच्या खालीं बसतें. त्यामुळें गाडीची बैठक खालीं येते आणि दांते अधिक बळ पेलतात. परंतु ते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, घासत सरकतात, आणि त्या दाबाखालीं साध्या तेलाचा पापुद्रा फाटतो. म्हणून गंधकाचीं संयुगें मिसळलेलें तेल आलें. तप्त दांत्यावर त्यांचा पातळ थर धरतो व लोखंड लोखंडाला चिकटत नाहीं. मात्र अशा कांहीं तेलांनीं पितळी भाग खाल्ले जातात. तेव्हां आसाचें तेल गिअरबॉक्सला चालेलच, असें धरून चालणारा मालक स्वतःचेंच नुकसान करतो.

घरच्या अंगणांत हें तेल बदलण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यांतला क्रम कोणा शहाण्यानें ठरविला असावा. गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे तेल ऊन होऊन गाळासकट वाहतें. ती सपाट जागेवर उभी करावी. मग आधीं भरण्याचें वरचें बूच सोडवावें आणि नंतरच खालचें. वरचें बूच गंजून बसलें असेल आणि खालचें आधीं उघडलें, तर रिकामा आस घेऊन गाडी अंगणांतच अडकते. नवें तेल वरच्या भोकाच्या कांठाशीं येईपर्यंत भरावें. त्याहून अधिक तें राहतहि नाहीं. निघालेलें तेल बोटांवर घेऊन पाहावें. बारीक चमकदार भुकटी ही नित्याची झीज. दांत्याचा तुकडा आला तर पेटी उघडावयास हवी.

ठाण्या-कल्याणाच्या पावसाळ्यांत तिसरीच गोष्ट दिसते. घाट उतरून तापलेला आस ओढ्याच्या पाण्यांत शिरला, कीं आंतली हवा एकदम थंड होऊन आकसते. हवा घेण्याची नळी चिखलानें बुजली असली, तर ती पोकळी सीलाच्या फटींतून पाणी ओढून घेते. असें तेल दुधासारखें पांढरट निघतें. तें न बदलतां गाडी उभी ठेवली, तर बेअरिंगें गंजतात.

खरा धोका मात्र वेगळाच आहे आणि तो डिफरन्शिअलच्या गुणांतूनच निघतो. जीपसारख्या कित्येक गाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागें, फिरत्या दांड्यावर असतो. मागचें एक चाक जॅकनें उचललें, कीं दांडा घट्ट धरलेला असूनहि तें अधांतरीं चाक उलट फिरूं शकतें. आणि तें उलट फिरलें म्हणजे जमिनीवरचें चाक सुलट फिरण्यास मोकळें होतें. गाडी गिअरमध्यें ठेवूनहि उपयोग नसतो. जॅकवरची गाडी अशी सरकते आणि खालीं निजलेल्या माणसाला सुटावयास वेळ राहत नाहीं. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनीं भक्कम ठोकळे लावल्यावांचून आणि आसाखालीं घोडी दिल्यावांचून जाणता मेस्त्री गाडीखालीं जात नाहीं. वास्तविक या कामाला गाडी उचलण्याची गरज बहुधा नसतेच. मालमोटार मुळांतच उंच असते.

हाच धागा थळ घाटापर्यंत जातो. उतारावर भरलेली गाडी खालच्या गिअरांत, एंजिनाच्या आवरानें उतरवितात. हा आवर चाकापर्यंत पोंचतो तो पिनियन आणि क्राऊन यांच्याच दांत्यांतून. तेलावांचून ते दांते तुटले, तर एंजिनाचा आवर गेला आणि दांड्यावरचा हातब्रेकहि निरुपयोगी झाला. उरतो तो केवळ पायाचा ब्रेक, आणि तोहि सतत दाबून तापलेला.

निघालेल्या तेलाची कथा अंगणांतच संपत नाहीं. पूर्वीं तें वाळवीवर उतारा म्हणून लांकडाला फांसत, धूळ बसावी म्हणून जमिनीवर शिंपडीत, किंवा सरळ गटारांत ओतीत. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येणारें पाणी उल्हास नदीचें आहे आणि गटाराची वाट शेवटीं नदीकडे किंवा खाडीकडेच जाते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणें असें तेल परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवें. त्यासाठीं तें बंद डब्यांत, पाणी किंवा पेट्रोल न मिसळतां ठेवावें लागतें. भेसळ झालेलें तेल शुद्ध करणें अवघड जातें.