सेम्पाई–कोहाई

जपानी शाळांतील ज्येष्ठ व कनिष्ठ विद्यार्थ्यांचे नाते आणि त्यानुसार पाळला जाणारा शिष्टाचार. संस्थेत आपल्याआधी दाखल झालेला तो ‘सेम्पाई’, नंतर आलेला ‘कोहाई’ आणि आपल्याच वर्षाचा ‘दोक्यूसेई’. जपानमधील उच्च माध्यमिक शिक्षण 3 वर्षांचे असून शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. शाळेतील ज्येष्ठत्व प्रवेशाच्या वर्षावरून ठरते. जन्मात दोन-चार महिन्यांचेच अंतर असले, तरी वरच्या वर्गातला विद्यार्थी सेम्पाईच असतो.

भाषा : जपानी आदरार्थी भाषेला ‘केइगो’ म्हणतात. तिचे तीन ठळक प्रकार आहेत : सभ्य (तेइनेइगो), समोरच्याला मान देणारा (सोनकेइगो) आणि स्वतःकडे लहानपण घेणारा (केनजोगो). ‘खाणे’ या एकाच क्रियेला मित्रांत ‘ताबेरु’, सभ्य बोलण्यात ‘ताबेमासु’, ज्येष्ठांविषयी ‘मेशिआगारु’ आणि स्वतःविषयी नम्रतेने ‘इतादाकु’ म्हणतात. शाळेत सेम्पाईशी बोलताना निदान ‘देसु-मासु’ची सभ्य रूपे वापरावी लागतात. हाक मारताना आडनावापुढे ‘सेम्पाई’ लावतात, शिक्षकांच्या आडनावापुढे ‘सेन्सेई’.

वर्ग व क्रीडामंडळ : तास सुरू होताना पाळीवरचा विद्यार्थी ‘किरित्सु, रेई, चाकुसेकी’ म्हणजे ‘उठा, नमन करा, बसा’ असे पुकारतो. शिक्षकांच्या खोलीत शिरताना ‘शित्सुरेई शिमासु’ असे म्हणून परवानगी मागतात. शाळेनंतरच्या क्रीडा व कला मंडळांत (बुकात्सु) ज्येष्ठता सर्वांत ठळक दिसते. पहिल्या वर्षाची मुले आधी येऊन मैदान तयार करतात, चेंडू गोळा करतात आणि सेम्पाईंना मोठ्याने अभिवादन करतात. या मुलांना खेळ शिकवणे, चुका समजावणे आणि सांभाळून घेणे हे सेम्पाईचे काम असते. सामाजिक मानवशास्त्रज्ञ चिए नाकाने यांनी 1967 च्या आपल्या ग्रंथात जपानी समाजाची रचना अशा उभ्या, वरून खाली जाणाऱ्या नात्यांवर उभी असल्याचे मांडले.

लाखांदूर परिसरातील आदरपद्धती : जपानी रीतीशी ताडून पाहण्यासाठी भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर घेऊ. हा वैनगंगेच्या खोऱ्यातला, भातशेतीचा आणि झाडीबोली बोलणारा मुलूख. इथे मान मुख्यतः नाते जोडून दिला जातो. रक्ताचे नाते नसले तरी वडीलधारा माणूस काकाजी किंवा मामाजी होतो, वरच्या वर्गातली मुले दादा-ताई होतात. ‘का जी, कुठं चालले?’ यातला ‘जी’ मान देतो. तोच प्रश्न बरोबरीच्या मित्राला ‘का गा’ असा जातो. गुरुजी वर्गात आले की ‘एक साथ नमस्ते’ म्हणत उभे राहणाऱ्या मुलांना ‘किरित्सु, रेई’ परके वाटायचे कारण नाही. वर्ग स्वतः झाडणे आणि दाराशी चपला काढणे याही दोन्हीकडच्या सवयी आहेत. लाखांदूरला लागून असलेल्या पवनी तालुक्यात रुयाड (सिंदपुरी) येथे महासमाधीभूमी स्तूप आहे. त्याच्याशी निगडित भदंत संघरत्न मानके यांचे धर्मशिक्षण जपानच्या तेंदाई परंपरेत झाले, त्यामुळे जपानशी या भागाचा संबंध अगदीच नवा नाही.

जुळवून घेताना : जपानी शाळेत गेलेल्या मराठी विद्यार्थ्याची पहिली अडचण सर्वनामाची असते. ‘तुम्ही’ला प्रतिशब्द म्हणून तो ‘अनाता’ उचलतो, पण ज्येष्ठांना ‘अनाता’ म्हणणे उद्धटपणाचे ठरते. तिथे सर्वनाम टाळून नाव किंवा पदच घ्यायचे असते. दुसरी अडचण जवळिकीची. मराठीत माया वाढली की आदराचे रूप गळून पडते, म्हणून आईला आपण ‘तू’ म्हणतो. सेम्पाईशी कितीही मैत्री झाली तरी त्याने मोकळीक दिल्याखेरीज सभ्य रूप सोडता येत नाही. हा दुरावा नसून तिथली आदर दाखवण्याची रीत आहे, हे उमगले की बरेचसे अवघडलेपण जाते. पायांना हात लावण्याची प्रथा तिथे नाही. कमरेतून वाकणे पुरते. साध्या भेटीत सुमारे 15 अंश, आदराने 30 आणि क्षमा मागताना किंवा विशेष मान देताना 45 अंश, असे सर्वसाधारणपणे शिकवले जाते.

मर्यादा : ज्येष्ठत्वाचा आधार घेऊन छळ होण्याचा धोका दोन्ही समाजांत आहे. महाराष्ट्रात रॅगिंगला मनाई करणारा कायदा 1999 मध्ये झाला. जपानने शालेय छळ रोखण्यासाठी 2013 मध्ये कायदा केला. छळ निमूटपणे सोसणे हा शिष्टाचाराचा भाग नाही. तसा अनुभव आल्यास वर्गशिक्षकांना लगेच सांगावे. धाकट्याने मान द्यावा आणि थोरल्याने त्याला सांभाळावे, अशी ही दुहेरी बांधिलकी आहे. लाखांदूरच्या दादा-ताईंकडूनही हीच अपेक्षा असते. या बांधिलकीचे पहिले अंग उरले आणि दुसरे सुटले, की मानाची जागा धाक घेतो.